मंगळवारचा हात

माणूस क्षणात जातो, पण कागदांवरून जायला त्याला तीन-चार महिने लागतात. केतकी रेडीजला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. चिपळूणच्या सेतू केंद्रात सहा वर्षं ती लोकांचे अर्ज भरून देत होती. कुणाचं नाव शिधापत्रिकेतून कमी करायचं, कुणाचं वीजमीटरवर चढवायचं. रडत आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती काढल्यात ते विचारायचं, हा तिचा शिरस्ता होता.

त्यामुळे डिसेंबरात बाबा हृदयविकारानं गेले, तेव्हा तेरावं उरकल्यावर चौदाव्या दिवशी तिनं फाइल उघडली आणि पहिल्या पानावर यादी केली. वीज, गॅस, घरपट्टी, नळपट्टी, खेर्डीतल्या दीड गुंठ्याची वारसनोंद. घरातलं झाडून सगळं बाबांच्या नावावर होतं. जानेवारीच्या अखेरीस अठरा ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या आणि एकोणिसावी ओळ आली: 'अंगण'.

अंगण हे कॉम्प्युटर गेमचं दुकान. दुकान म्हणायचं एवढंच. त्याला ना दार, ना गल्ला. खातं उघडायचं, खेळ निवडायचा, तो तारेतून घरच्या मशीनवर उतरतो. बाबांचं तिथलं खातं केतकीच्या जन्माच्या आसपासचं होतं.

त्या दिवशी मंगळवार होता. केंद्रात गर्दी कमी होती. केतकीनं 'नावात बदल' असा पर्याय शोधला. तो नव्हता, म्हणून तिनं सरळ अर्ज लिहिला. 'खातेदार श्री. संदेश यशवंत रेडीज यांचे दि. १४ डिसेंबर रोजी निधन झाले. सबब सदर खाते त्यांच्या पत्नी श्रीमती सुवर्णा संदेश रेडीज यांच्या नावे करून मिळावे, ही विनंती.' सोबत मृत्यूचा दाखला जोडला, वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. यातलं काहीही कुणी मागितलं नव्हतं.

तीन मिनिटांत उत्तर आलं.

'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. अंगणातील खेळ विकले जात नाहीत, ते खातेदारास आजीव वापरण्यास दिले जातात. परवाना खातेदाराच्या मृत्यूबरोबर संपतो. तो वारसास मिळत नाही. सदर खाते आज बंद केले आहे. खातेदाराची शारीरिक माहिती कायद्याप्रमाणे तीस दिवसांत नष्ट केली जाईल.'

केतकीनं ते दोनदा वाचलं. आजीव. हा शब्द तिनं स्वतः शेकडो अर्जांत लिहिला होता, पण कुणाचा जीव ते कधी पाहिलं नव्हतं. मग तिला आईचा हात आठवला, आणि तिनं दिलावरकाकांना फोन लावला.

"काका, तुम्ही घरी आहात ना? आमच्याकडे जा. आत्ताच्या आत्ता. आईच्या मशीनची इंटरनेटची वायर काढा."

"अगं, लाइट नाहीये. मंगळवार ना?"

"म्हणूनच! लाइट यायच्या आत काढा."

*

दिलावर मुकादम हे बाबांचे भागीदार. तरुणपणी दोघांनी बाजारपेठेत सायबर कॅफे काढला होता. सहा कॉम्प्युटर, एक कुलर आणि भिंतभर सीडी. एकेक खेळ सीडीवर यायचा. ती विकत घ्यायची, मित्राला द्यायची, ओरखडा पडला की टूथपेस्ट लावून पुसायची. मग महापूर आला. वाशिष्ठीचं पाणी दुकानात माळ्यापर्यंत चढलं. ओसरल्यावर बाबांनी भिंतीखालून चिखलानं माखलेल्या चारशे सीडी उपसल्या. त्यांतली एकही चालली नाही.

अंगणातले खेळ मात्र चालले. नवं मशीन आणलं, परवलीचा शब्द टाकला, आणि रात्रभरात एकूणएक खेळ जागच्या जागी, अर्धवट सोडलेल्या डावासकट हजर झाले. बाबा त्या दिवसापासून अंगणचे भक्त झाले. "आता नदीला काय न्यायचं ते नेऊ दे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. दिलावरकाका तेवढे हटून बसले होते. "जी वस्तू शेजाऱ्याला देता येत नाही ती आपली कसली रे?" असं म्हणायचे. वीस वर्षं दोघांचा हा वाद चहाबरोबर चालू होता.

आईला खेळांशी देणंघेणं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला आणि उजवा हात लोंबू लागला. वर्षभर व्यायाम केले. हात जेमतेम खांद्यातून हलायचा, बोटं मिटलेलीच. मग बाबांनी तिच्यासाठी 'खाडी' उतरवून घेतला, अर्थात आपल्याच खात्यावर. वेगळं खातं काढायचं त्यांच्या मनातही आलं नाही. गॅस एक, मीटर एक, तसं अंगणही एक.

'खाडी' दिसायला अगदी साधा. कांदळवनातून होडी वल्हवत न्यायची. पण त्याच्यासोबत कोपरापासून मनगटापर्यंतचा एक पट्टा यायचा, आणि खरी गोष्ट त्या पट्ट्यात होती. पक्षाघातात मेंदूकडून हाताकडे येणारी वाट उद्ध्वस्त होते, तरी सगळे धागे तुटत नाहीत. मूठ उघडायचं मनात आलं की उरलेल्या धाग्यांतून काही मायक्रोव्होल्टचा क्षीण संदेश स्नायूपर्यंत पोचतो. स्नायू हलवायला तो पुरत नाही. पट्ट्यातले बत्तीस संवेदक तो टिपत आणि खेळ त्यावरून अंदाज करे, की या बाईला आता मूठ उघडायची आहे. लगेच, सेकंदाच्या पाचव्या भागात, पट्टा त्याच स्नायूला विजेचा बारीक टोचा देई आणि बोटं उघडत. होडी पुढे सरके.

सुरुवातीला खेळाचे अंदाज दहात सात वेळा चुकत. पण तो शिकत होता. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे आईचा मेंदूही शिकत होता. कसा संदेश धाडला की पट्ट्याला कळतं, हे तो नकळत हेरत होता. ती दोघांचीच भाषा होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्या पट्ट्याला ती समजली नसती.

दीड वर्षानं खेळात 'सोबत' नावाची सोय आली. होडी पडद्यामागे चालू ठेवायची, आणि मशीनच्या टप्प्यात, म्हणजे घरात आणि परसात, पट्टा दिवसभर हाताला साथ द्यायचा. आई उजव्या हातात बांगडा धरून डाव्या हातानं कोयती चालवू लागली. घरी आलेल्या कागदांवर पुन्हा सही करू लागली, 'सुवर्णा सं. रेडीज', शेवटच्या अक्षराला पूर्वीसारखा फाटा देऊन. मंगळवारी नऊ ते चार लाइट जायची, मशीन बंद व्हायचं, तेवढा वेळ हात मांडीवर पडून असायचा. "आज मंगळवारचा हात," असं ती हसून सांगायची आणि डाव्या हातानं जेवायची.

*

केतकी धापा टाकत घरी पोचली, तेव्हा दिलावरकाका ओटीवर वायरचं वेटोळं मांडीवर घेऊन बसले होते, जणू साप पकडलाय.

"काढली. आता सांग, पेटलंय काय?"

तिनं सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला. "तू त्यांना दाखला पाठवलास? आपणहून? अगं पोरी, मेलेल्या माणसाच्या नावानं लोक पेन्शन खातात, आणि तू होडी बुडवलीस!"

"नावावर करायला नको होतं का? उद्या काही अडचण आली असती तर?"

"आली असती तर! आता काय आलंय?"

आई दारात येऊन उभी होती. "दिलावरभावजी, तिच्यावर ओरडू नका. यांनीच वळण लावलंय तिला, कागद स्वच्छ ठेवायचं. मशीन चालेल ना चारला?"

काकांचा आवाज खाली आला. "चालेल वहिनी. खेळ तुमच्याकडेच आहे, सगळाच्या सगळा, एकशे अठरा जीबी, हाताचं शिकलेलंही त्यातच. पण तो कुलूपबंद. किल्ली कंपनीच्या मशीनवर. आपलं मशीन रोज सकाळी तिथं विचारतं, माणूस आहे का? हो म्हटलं की पुढचे चौदा दिवस. शेवटचं विचारलं असेल आज सकाळी, लाइट जायच्या आधी. आता वायर काढली, म्हणजे आपलं मशीन अजून संदेशला जिवंतच समजतंय."

"आणि चौदा दिवसांनी?"

"चौदा दिवसांनी त्यालाही कळेल."

"कुलूप फोडता येत नाही? तुम्ही तर सीडींच्या कॉप्या काढायचात."

"ते कडी-कोयंड्याचे दिवस होते गं," काका म्हणाले. वीस वर्षांचा वाद अखेर ते जिंकले होते, आणि तोंड मात्र हरल्यासारखं झालं होतं.

*

दुसऱ्या दिवशी केतकीनं अंगणच्या मदत कक्षाला फोन केला. अर्ध्या तासानं तन्मय नावाचा एक मुलगा बोलू लागला. आवाज सौजन्याचा होता, आणि खरोखर सौजन्याचा होता.

"मॅडम, मी समजू शकतो. पण बंद झालेलं खातं उघडायचं बटणच माझ्या स्क्रीनवर नाही."

"मग ज्यांच्या स्क्रीनवर आहे त्यांना द्या."

"तसं कुणी नाहीये मॅडम. मृत्यूचा दाखला लागला की आपोआप होतं. तुम्ही तो दाखला चुकीचा आहे असं म्हणताय का?"

सगळ्या कागदांत हा एकच असा, की जो मागे घेता येत नाही.

"खातं जाऊ दे," ती म्हणाली. "त्यातले बाकीचे दोनशे खेळही जाऊ देत. 'खाडी'नं जे शिकून ठेवलंय तेवढं द्या. आम्ही खेळ नवा घेतो, ते त्यात घाला."

"ती तर श्री. रेडीज यांची शारीरिक माहिती झाली ना. उजव्या हाताच्या कमजोरीची. ती दुसऱ्याला देणं गुन्हा आहे."

"बाबांचे दोन्ही हात ठणठणीत होते!"

"मग 'खाडी' कोण खेळत होतं मॅडम?"

सेतूत बसून केतकी एक गोष्ट शिकली होती. असा प्रश्न आला की उत्तर कुठे नोंदलं जाणार, ते आधी बघायचं. तिनं फोन ठेवला.

*

चौदा दिवस कसे वापरावेत यावरून घरात पहिल्यांदा खटके उडाले. केतकीचं म्हणणं, आईनं दिवसभर होडी वल्हवावी, म्हणजे हात जितका सुटा होईल तितका होईल. आई ऐकेना. ती परसात बसून अबोलीला आळं करी, खिडक्यांचे पडदे काढून पुन्हा लावी. रविवारी तिनं सव्वा किलो बांगडे आणवले आणि स्वतः साफ केले. एकेक मासा धरायची, सोडायची, पुन्हा धरायची.

"आई, व्यायाम कर ना गं."

"हाच करतेय."

सोमवारी ती टेबलाशी बसून कोऱ्या कागदांवर सह्या करताना दिसली. एकाखाली एक, बारीक जागा सोडून.

"हे काय करतेस?"

"तुझ्या फाइलीला लागतील पुढं. करून ठेवते."

"कोऱ्या कागदावरची सही चालत नाही. उलट धोका असतो," केतकी म्हणाली. आईनं मान वर केली नाही. बाराव्या कागदावर तिचा फाटा अगदी झोकात उतरला होता.

नवव्या दिवशी केतकीनं तो प्रश्न घरात मांडला. खरं लिहून द्यावं का? खेळत होती ती आई, हे डॉक्टरांच्या दाखल्यानिशी कळवलं, तर ती माहिती मेलेल्या माणसाची राहणार नाही. मग नष्ट कशी करतील?

"नको," दिलावरकाका म्हणाले. "तुम्ही सेतूवाले. खरं लिहिलं की काम होतं असं तुम्हाला वाटतं. अजून वीस दिवस ती माहिती तिकडं आहे ना? तोवर मी पुण्याच्या एका वकिलाला विचारतो. गप्प बस."

"वकील वीस दिवसांत काय करणार काका? तुमचा फोन तरी उचलेल का?"

आई इतका वेळ ऐकत होती. तिनं उजवा हात टेबलावर ठेवला, पट्ट्यासकट. "हात माझा. दोन वर्षं घाम माझा. आणि नोंद यांच्या नावावर? लिही गो केतकी. खरंच लिही. मी खेळले, त्यात चोरी कसली?"

केतकीनं सुंदर अर्ज लिहिला. तिच्या आयुष्यातला सर्वांत नेमका. तारखा, डॉक्टरांचा दाखला, पट्ट्याचा क्रमांक आणि खाली आईची सही. उजव्या हाताची.

उत्तर यायला या वेळी दोन दिवस लागले. ते माणसानं लिहिलेलं होतं, कारण सुरुवातीलाच प्रामाणिकपणाबद्दल आभार होते. पुढे असं होतं: सदर माहिती श्रीमती सुवर्णा रेडीज यांच्या शरीराची आहे हे आपल्या अर्जावरून सिद्ध होते. त्यांची लेखी संमती आमच्याकडे कधीही नव्हती. संमतीवाचून घेतलेली शारीरिक माहिती कायद्याने एक दिवसही ठेवता येत नाही. सबब तीस दिवसांची मुदत लागू न होता ती आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नष्ट करण्यात आली. नष्टीकरणाचा दाखला सोबत.

कायदा वाईट नव्हता. केतकीनं तो पूर्ण वाचून काढला. लोकांच्या शरीरावरून कंपन्यांनी धंदा करू नये म्हणून कुणीतरी भांडून करून घेतलेला कायदा. तिला कुणावर चिडायचं ते सापडेना. तिनं दाखल्याची प्रत काढली, दोन भोकं पाडली आणि बाबांच्या दाखल्यामागे फाइलीत लावली. हात सवयीनं खूण करायला एकोणिसाव्या ओळीकडे गेला, तो तिनं मागे घेतला.

*

चौदावा दिवस पुन्हा मंगळवारच होता. सकाळी आईनं लवकर आंघोळ केली, उजव्या हातानं केसांना फणी लावली, चहाचा कप उजव्या हातानं उचलला. नऊला दोन मिनिटं असताना ती मशीनपाशी आली आणि खेळ पडद्यावर आणून होडी काठाला लावली. कांदळाच्या एका मुळीला तिनं दोर गुंडाळला. असं पूर्वी तिनं कधी केलं नव्हतं. लाइट जायची तेव्हा होडी असेल तिथं थांबायची.

नऊ वाजले. पंखा मंदावत गेला. आईची बोटं हळूहळू मिटली.

"मंगळवारचा हात," ती म्हणाली.

चार वाजता लाइट आली. मशीन सुरू झालं, तारेशिवायच. पडद्यावर करडी पाटी आली: 'परवाना पडताळता आला नाही.' आई तेव्हा मागच्या दारी डाव्या हातानं कपडे काढत होती. केतकीनं पाटी बंद केली.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी नवीन खातं काढून 'खाडी' नव्यानं उतरवून घेतला. आता तिसरी आवृत्ती होती, पाणी जास्त खरं दिसत होतं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की कोऱ्या पाटीपेक्षाही हे अवघड जाईल. नवा पट्टा पहिलीतल्या मुलासारखा, आणि आईचा मेंदू दोन वर्षं एका वेगळ्याच श्रोत्याशी बोलायला शिकलेला. तो अजूनही त्याच भाषेत हाका मारणार. ऐकणारा उरलेला नाही, हे त्याला कोण सांगणार?

झालं तसंच. आईनं मूठ उघडायचं मनात आणलं की नवा पट्टा ती आवळत होता. दोनदा तिनं ओठ चावला. होडी जागच्या जागी गोल फिरली.

त्याआधी मात्र संमतीची पाटी आली होती. केतकीनं या वेळी प्रत्येक रकाना वाचला. खातेदाराचं नाव: सुवर्णा संदेश रेडीज. वारस: लागू नाही. शेवटी एक चौकोन: 'खातेदाराने येथे समक्ष सही करावी किंवा अंगठा ठेवावा.'

आईनं लेखणी घेतली, डाव्या हातानं उजव्याच्या बोटांत खोचली. चौकोनात एक रेघ उमटली आणि लेखणी घरंगळून खाली पडली. तिनं टेबलाच्या खणाकडे पाहिलं. सह्यांचे कागद त्यात होते.

"त्यातली नाही चालत?"

"समक्ष लागते, आई."

केतकीनं आईचा डावा अंगठा धरला. रोज वीसेक अंगठे ती असेच धरायची. थोडा तिरका टेकवायचा, कडेकडेनं फिरवायचा, दाबायचा नाही. चौकोनात रेषा स्वच्छ उमटल्या. पडद्यावर 'स्वागत आहे' आलं.

"आज वार कुठला गो?" आईनं विचारलं.

"गुरुवार."

"हो का," ती म्हणाली, आणि उजवा हात डाव्या हातानं उचलून तिनं मांडीवर नीट ठेवला.